विंचेस्टर १८९४ टेकडाउन: नळीचा जोड किंचित हलतो, घट्ट कसा करावा?

अक्रोडी_दस्ता

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे विंचेस्टरची मॉडेल १८९४ आहे, टेकडाउन प्रकारातली, म्हणजे नळी हाताने वेगळी करून रायफलीचे दोन भाग करता येतात. २६ इंची अष्टकोनी नळी, .३० डब्ल्यूसीएफ म्हणजे आजची थर्टी-थर्टी, नळीच्या लांबीचं मॅगझिन आणि दस्त्याला चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी. क्रमांक एक लाखाच्या आतला आहे, त्यामुळे ती १८९८ संपण्याआधीच कारखान्यातून बाहेर पडली. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक कायद्यात ‘अँटिक’ची जी रेषा आहे तिच्या अलीकडची. नळीच्या आतले खोबण अजून चांगले आहेत, रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या पोलादी भागावर, मूळ निळाईचे (गंजरोधक निळसर-काळ्या मुलाम्याचे) अवशेष आहेत, आणि कोणी पॉलिश मारून तिचं वाटोळं केलेलं नाही.

अडचण जोडाची आहे. रायफल पूर्ण जोडलेली असताना एका हातात दस्ता आणि दुसऱ्या हातात नळी धरून हलकं पिळलं की सांध्यात बारीक हालचाल जाणवते. कान जवळ नेला तर टक् असा आवाजही येतो. उजेडासमोर धरली तर कॉलर (नळीच्या मुळाभोवतीचा पोलादी भाग) आणि रिसीव्हर यांच्यामध्ये खालच्या बाजूला केसाएवढी फट दिसते, वरच्या बाजूला दिसत नाही.

या रायफलच्या कॉलरमध्ये जोड घट्ट करायला छोटे स्क्रू दिलेले असतात असं ऐकून आहे. ते नेमके कसे वापरायचे? त्यांना हात लावावा की जाणकार बंदूक-कारागिराकडे द्यावी? आणि मुख्य म्हणजे अशा सैल जोडानिशी ती चालवणं धोक्याचं आहे का? मला तिच्यातून कधीतरी हलक्या भाराची काडतुसं झाडायची आहेत. नुसती भिंतीवर टांगायची नाही.

कागदी_लक्ष्य

माझ्या ओळखीत एकाने शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचं कडं कापून कॉलर आणि रिसीव्हरमध्ये घातलं होतं. जोड एकदम घट्ट झाला. पाच मिनिटांचं काम. आधी ते करून बघा, जमलं तर कारागिराचे पैसे वाचतील.

पंपवाला

माझी विंचेस्टर मॉडेल १२ शॉटगन आहे, तीही टेकडाउन. तिच्यात जोड सैल झाला तर फार सोपं आहे. नळीकडच्या भागात एक दातेरी स्लीव्ह असते, तिला एक छोटं लॉक असतं. लॉकचा स्क्रू सैल करायचा, स्लीव्ह एक दात पुढे फिरवायची, लॉक परत बसवायचं. तुमच्या रायफलमध्येही असंच काहीतरी असणार. स्लीव्ह शोधा.

आटे_आणि_माप

अक्रोडी_दस्ता, प्रश्न नेमका विचारलात त्याबद्दल आधी धन्यवाद. फट खाली दिसते, वर दिसत नाही, हे तुम्ही टिपलंत. अर्धं निदान तिथेच आहे. मी आयुष्यभर टूलरूममध्ये फिटर होतो आणि लिव्हर-ॲक्शन रायफली हा माझा जुना ध्यास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वरच्या दोन प्रतिसादांबद्दल. पंपवाला, तुम्ही सांगितलंत ते मॉडेल १२ साठी तंतोतंत बरोबर आहे. पण ती पंप-ॲक्शन बंदूक, तिचा जोड वेगळ्या विचाराने केलेला. लिव्हरवाल्या १८८६, १८९२ आणि १८९४ मध्ये ती दातेरी स्लीव्ह नाही. तिथे स्लीव्ह शोधत बसलं तर कोणीतरी भलतीच गोष्ट पकडीत धरून फिरवेल. कागदी_लक्ष्य, पत्र्याच्या कड्याबद्दल माझं मत पुढे येईल. पत्र्याचा एक उपयोग आहे, पण तो कायमचा आत ठेवण्याचा नाही.

हा जोड काम कसा करतो ते आधी डोळ्यासमोर आणा. नळीच्या मुळाशी आटे आहेत, पण ते सलग नाहीत, मध्ये मध्ये कापून काढलेले आहेत. रिसीव्हरच्या आतही तसेच. म्हणून नळी सरळ आत सरकते आणि पाव फेरा दिला की दोन्हीकडचे आटे एकमेकांत अडकतात. नळीभोवतीची कॉलर रिसीव्हरच्या तोंडावर टेकते. एवढं झालं की मॅगझिनची नळी कॉलरमधून रिसीव्हरमध्ये शिरते, आणि ती तिथे असेपर्यंत मुख्य नळी उलट फिरूच शकत नाही. म्हणजे तीन गोष्टी तीन वेगळी कामं करतात. आटे नळीला पुढे जाण्यापासून अडवतात. कॉलर तिला मागे जाण्यापासून आणि कलण्यापासून अडवते. मॅगझिनची नळी तिला फिरण्यापासून अडवते.

सैलपणा या तिघांपैकी कोणाचाही असू शकतो. हातात धरून पिळल्यावर तिन्ही जवळजवळ सारखेच जाणवतात, आणि इथेच माणसं स्क्रू-ड्रायव्हर उचलतात. तो अजून उचलू नका.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) बघायचं आणि मॅगझिनही बघायचं. टेकडाउनमध्ये मॅगझिनची नळी बाहेर येते, तिच्यात एखादं काडतूस विसरलेलं असेल तर ते तसंच राहतं. बघून झालं की बोटाने चाचपायचं. मग लिव्हर पूर्ण उघडायची, म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे जातो. हा क्रम कधीही चुकवू नका. बोल्टवरच्या एक्स्ट्रॅक्टरचं (काडतूस ओढून बाहेर काढणाऱ्या आकड्याचं) नाक नळीतल्या खाचेत बसलेलं असतं. बोल्ट पुढे असताना नळी फिरवली तर ते नाक मोडतं किंवा वाकतं. मग मॅगझिनच्या तोंडाकडची छोटी दांडी उभी करा, नळी फिरवून सोडवा, थोडी पुढे ओढा, आणि मुख्य नळीला पाव फेरा देऊन ती वेगळी करा.

आता सफाई. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. सव्वाशे वर्षांचं वंगण कापलेल्या आट्यांच्या कोपऱ्यात लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. पितळी किंवा लाकडी टोक, सॉल्व्हंट, चिंधी, आणि परत तेच. पोलादी सुई किंवा तारेचा ब्रश नको. रिसीव्हरच्या आतले आटे विसरू नका, तिथे मळ जास्त असतो कारण तिथे कोणी बघत नाही. सफाईनंतर जोड आधीपेक्षा जास्त सैल वाटला तर घाबरू नका. मळाने जी जागा भरली होती ती मोकळी झाली, आणि आता तुम्हाला खरं माप दिसतंय. उलटही होतं. कॉलरच्या तोंडावर एकाच बाजूला मळाचा थर असेल तर नळी थोडी तिरकी बसते आणि समोरच्या बाजूला फट पडते. तुमची फट फक्त खाली आहे, त्यामुळे ही शक्यता मी पहिली धरेन.

सफाई झाली की मॅगझिनची नळी न घालता फक्त मुख्य नळी जोडा आणि तीन परीक्षा करा.

पहिली, कलण्याची. दस्ता मांडीत घट्ट धरून नळीच्या टोकाला वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलका दाब द्या. दुसऱ्या हाताचं बोट कॉलर आणि रिसीव्हरच्या सांध्यावर आडवं ठेवा. नजरेला न दिसणारी हालचाल बोटाला कळते.

दुसरी, पुढे-मागे. नळी सरळ बाहेर ओढा आणि सरळ आत दाबा, पिळू नका. इथे टक् आला तर आटे आणि कॉलर यांच्यामध्ये जागा आहे. स्क्रू ज्यासाठी दिलेत तो सैलपणा हाच.

तिसरी, फिरण्याची. आता मॅगझिनची नळी पूर्ण आत बसवा आणि हलकं पिळा. पुढे-मागे काही हलत नसेल, पण पिळल्यावर नळीवरची समोरची माशी (नेम धरायची खूण) डावी-उजवीकडे झुकत असेल, तर दोष मॅगझिनच्या नळीचा किंवा तिच्या भोकाचा. नळी पूर्ण आत गेलेलीच नसेल हीसुद्धा शक्यता बघा, ती बरेचदा तेवढीच असते. स्क्रूने हा दोष झाकता येतो, पण सुधारत नाही.

आणखी एक बघून घ्या: कॉलर स्वतः नळीवर हलते का? हलत असेल तर पुढचं काही करू नका, ते काम कारागिराचं.

यानंतर संपर्काची तपासणी. कॉलरच्या मागच्या तोंडावर प्रशियन ब्लूचा (संपर्क दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात द्या, रंग दिसेल न दिसेल इतका. प्रशियन ब्लू नसेल तर मेणबत्तीची काजळी चालते. नळी जोडा, पाव फेरा द्या, परत काढा, आणि रिसीव्हरच्या तोंडावर डाग कुठे उमटला ते बघा. सगळीकडे उमटला तर उत्तम. फक्त वर उमटला आणि खाली कोरडं राहिलं तर नळी कललेली आहे, आणि कलण्याचं कारण सापडेपर्यंत स्क्रू फिरवणं व्यर्थ आहे. बरेचदा कडेला एखादी ठेच लागलेली असते. वेगळी केलेली रायफल कोणीतरी कधीतरी पाडलेली असते आणि कॉलरच्या कडेचा धातू किंचित वर उचलला गेलेला असतो. तेवढाच उंचवटा बारीक ऑइलस्टोनने, सपाट धरून, दोन-चार हलक्या हातांनी उतरवता येतो. कानस अजिबात नको. कानशीने गेलेला धातू परत येत नाही, आणि संग्राहकाला त्या खुणा ताबडतोब दिसतात.

पत्र्याचा उपयोग आता. पातळ शिम (पत्र्याची चकती) किंवा फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ठरावीक जाडीची पाती कॉलर आणि रिसीव्हरमध्ये घालून बघा, किती जाडीला हालचाल थांबते. ०.०५ मिलिमीटरला थांबली तर एक गोष्ट, ०.२ला थांबली तर दुसरी. हे माप लिहून ठेवा. माप मिळालं की पत्र्याचं काम संपलं. तो आत ठेवला तर गोळीगणिक चेपत जातो, सुरकुततो, एका बाजूला गोळा होतो, आणि काही काळाने जोड सैलही असतो आणि तिरकाही. त्याखाली ओल धरून गंज येतो तो वेगळा.

आता स्क्रू. कॉलर साफ केल्यावर ते दिसतील. त्यांच्या खाचा मळाने इतक्या भरलेल्या असतात की अनेक मालकांना ते आहेत हेच माहीत नसतं. त्यांचं काम एवढंच: कॉलर आणि रिसीव्हरच्या तोंडामधली झिजलेली जागा भरून काढणं. ते कॉलरला रिसीव्हरपासून किंचित दूर रेटतात, त्यामुळे नळी पुढे ओढली जाते, आणि तिच्या आट्यांच्या पुढच्या कडा रिसीव्हरच्या आट्यांवर घट्ट टेकतात. खाचेत अचूक बसणारं, समांतर तोंडाचं पातं वापरा. घरगुती स्क्रू-ड्रायव्हरचं तोंड निमुळतं असतं, ते खाचेच्या कडा उचकटतं. कोणत्या दिशेला फिरवल्यावर टोक रिसीव्हरकडे सरकतं ते आधी बघून घ्या, प्रत्येकाची सुरुवातीची जागा कागदावर काढून ठेवा, आणि सगळे सारखेच फिरवा. एका वेळी फार तर घड्याळाच्या पाच मिनिटांच्या अंतराएवढं. मग नळी जोडून बघा. मग परत.

थांबायचं कुठे? पाव फेऱ्याचा शेवटचा थोडासा भाग दोन्ही हातांच्या चांगल्या जोराने जायला हवा, पण कसलंही हत्यार न लावता. तुमची नळी अष्टकोनी आहे हे तुमचं भाग्य, कारण वरचा सपाट पैलू रिसीव्हरच्या माथ्याशी समांतर आला की नाही हे नजरेनेच कळतं. पैलू किंचित कललेला राहिला आणि मॅगझिनची नळी भोकात शिरेना, तर जास्त घट्ट केलंत. अर्ध पाऊल मागे या. नळी पान्ह्यात किंवा व्हाइसमध्ये धरून ओढायची नाही. या जोडाचा संपूर्ण हेतू हाताने उघडण्याचा आहे.

शेवटचा आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जोड घट्ट असणं आणि रायफल सुरक्षित असणं ही दोन वेगळी मापं आहेत. पहिलं हाताला कळतं. दुसरं कळत नाही, ते गेजनेच मोजावं लागतं. थर्टी-थर्टीचं काडतूस त्याच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर (रिमवर) टेकतं, त्यामुळे हेडस्पेस म्हणजे बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात त्या कडेसाठी राहिलेली जागा. अमेरिकी मानकानुसार ती कमीत कमी .०६३ इंच आणि जास्तीत जास्त .०७० इंच. कमाल मापाच्या गेजवर लिव्हर पूर्ण बंद होत असेल तर ती रायफल झाडू नका, जोड कितीही घट्ट असो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सैल जोडात नळीला थोडं पुढे जायला वाव असतो. स्क्रू तिला नेमकं त्याच पुढच्या टोकाला धरून ठेवतात. म्हणून जोड घट्ट केल्यावर हेडस्पेस कमी होत नाही. उलट, आधी नळी मागे दाबलेली असताना मोजला असेल तर आता तो थोडा जास्तच येईल, आणि तोच खरा. ‘जोड घट्ट केला, आता धोका नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बोल्टला मागून अडवून धरणारा लॉकिंग ब्लॉक आणि त्याच्या खाचा झिजल्या असतील तर कॉलरचे स्क्रू त्याला काहीही करू शकत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा: सफाई, निदान, जोड, मग गेज. आणि गेज होईपर्यंत एकही काडतूस नाही, हलक्या भाराचंही नाही.

कागदी_लक्ष्य

पटलं. पत्रा मोजायला वापरायचा, ठेवायला नाही, हे डोक्यात आलं नव्हतं. एक विचारतो: आट्यांवर हलकेच ठोकून धातू थोडा पसरवला तर? जुने कारागीर करायचे म्हणे.

आटे_आणि_माप

करायचे, आणि त्यांनी तसं केलेल्या नळ्या आजही सापडतात. ठोकून पसरवलेला धातू पहिल्यांदा घट्ट बसतो. पण टेकतो फक्त उचललेल्या टोकांवर, म्हणून लवकर झिजतो, आणि दुसऱ्यांदा ठोकायला तिथे काही उरत नाही. याच रायफलीत विंचेस्टरने धुराविरहित दारूचं .३० डब्ल्यूसीएफ १८९५ मध्ये आणलं तेव्हा त्याच्या नळीसाठी खास निकेल-स्टील घेतलं होतं, ते दाब वाढला होता म्हणून. दाब पेलणाऱ्या आट्यांवर हातोडा नको. कॉलरवर झाळकाम करून थर चढवणं आणि तो मापात उतरवणं हा मार्ग आहे, पण आंच लागली की निळाई जाते. स्क्रूंचा पल्ला खरोखर संपला असेल तरच त्याचा विचार करावा, आणि तोही अनुभवी माणसाकडून. आट्यांना चिकटवणारे द्रवही नकोत. उघडण्यासाठी केलेला जोड चिकटवून टाकायचा तर टेकडाउन घेतलीच कशाला?

अक्रोडी_दस्ता

आटे_आणि_माप काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच गेलो. जे दिसलं ते लिहितो.

मळ भयंकर होता. रिसीव्हरच्या आतल्या आट्यांमधून काळपट-तपकिरी खवल्यांसारखं वंगण निघत राहिलं. सगळं स्वच्छ झाल्यावर खालची फट जवळजवळ गेली, पण पुढे-मागे टक् मात्र आधीपेक्षा स्पष्ट झाला. मॅगझिनची नळी घालून आणि काढून, दोन्ही वेळा टक् सारखाच. फिरण्याची हालचाल नाही. कॉलर नळीवर पक्की आहे.

काजळीचा डाग आता बहुतेक सगळीकडे उमटतो, फक्त खाली डावीकडे छोटा तुकडा कोरडा राहतो. भिंगातून बघितलं तर त्याच्या समोरच्या बाजूला, वर उजवीकडे, कॉलरच्या कडेवर बारीक ठेच आहे. तुम्ही म्हणालात तसंच. फीलरची ०.०८ची पाती घातली की टक् थांबतो.

स्क्रू सापडले. पण त्यातला एक जागचा हलत नाही. बाकीचे पातं लावल्याबरोबर तयार दिसतात. बाकीचे फिरवून काम भागवू का?

आटे_आणि_माप

नाही. बाकीचे फिरवलेत तर कॉलर एका बाजूने उचलली जाईल आणि सफाईने जी कलण्याची अडचण सोडवलीत ती तुम्हीच परत तयार कराल. एक जरी अडकलेला असेल तरी सगळे आहेत तिथे राहू द्या.

अडकलेल्या स्क्रूला आत झिरपणारं तेल लावा, थेंबभर, आणि त्याला वेळ द्या. रोज थोडं. मधून मधून खाचेत बसणाऱ्या पात्यावर लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा, पातं सरळ धरून. जोर लावायचा नाही, फक्त गंजाला हादरा द्यायचा. तरी हलला नाही तर झाळणीचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्याला थोडा वेळ टेकवा, म्हणजे ऊब फक्त त्यालाच मिळते. ब्लो-टॉर्च जवळसुद्धा नको. तेल पुसल्याशिवाय तापवू नका. फिरवायचा तर आधी किंचित आत, मग बाहेर. खाच उचकटायला लागली असं वाटलं त्या क्षणी थांबा आणि कारागिराकडे द्या. त्यांच्याकडे हे काढण्याची साधनं असतात. एक सांगतो, विंचेस्टरच्या जुन्या स्क्रूंचे आटे बाजारातल्या आजच्या मापांशी जुळत नाहीत. स्क्रू मोडला तर कोणाला भोक मोठं करून नवीन आटे पाडू देऊ नका. जुने सुटे भाग विकणाऱ्यांकडून मूळ मापाचा मिळवा.

ठेच आधी उतरवा, स्क्रूला हात लावण्याआधी. उतरवल्यावर ०.०८चं माप थोडं बदलेल, म्हणून परत मोजा. तुमचं माप मला दिलासा देतं. एवढी झीज स्क्रूंच्या आवाक्यातली आहे आणि सव्वाशे वर्षांच्या रायफलीला शोभणारी आहे.

टँगसाइट

थोडं बाजूचं, पण याच विषयातलं. माझ्या टेकडाउनवर मागे टँगवर (रिसीव्हरच्या दस्त्याकडे गेलेल्या पट्टीवर) बसणारी लायमनची पीप-साइट, म्हणजे भोकातून बघून नेम धरायची साइट, आहे. रायफल उघडून परत जोडली की नेम थोडा सरकतो. मूळची मागची माशी वापरली तर सरकत नाही. हे जोडामुळेच ना?

आटे_आणि_माप

जोडामुळेच. मूळच्या दोन्ही माश्या नळीवर आहेत. नळी कुठेही बसली तरी दोघी एकत्रच हलतात, त्यामुळे त्यांच्यातलं नातं बदलत नाही. टँगसाइट मात्र जोडाच्या पलीकडे, रिसीव्हरच्या मागे आहे. जोड किंचित वेगळा बसला की समोरची माशी हलते आणि मागचं भोक तिथेच राहतं. जोड किती चांगला बसवलाय याची ही सगळ्यात कडक परीक्षा आहे. अक्रोडी_दस्ता यांचं काम झालं की कोणाकडून टँगसाइट उसनी आणून बघण्यासारखं आहे. उघडून-जोडून नेम तोच राहिला तर बसवणी खरी चपखल.

तुमच्यापुरतं: जोडताना प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने जोडा. दोन्ही तोंडं चिंधीने पुसा, आट्यांवर अगदी पातळ वंगण, आणि पाव फेरा शेवटपर्यंत. सरकणं बरंच कमी होईल. आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी उघडझाप करू नका. प्रत्येक उघडझाप थोडी झीज करते.

पंपवाला

माझ्या स्लीव्हच्या सल्ल्याबद्दल तुम्ही खुलासा केलात ते बरं झालं. एक शंका: ही रायफल मुळातच टेकडाउन होती की नंतर कोणी तशी करून घेतली, हे कळायला काही मार्ग आहे? नंतर केलेली असेल तर कॉलरचं काम वेगळं असू शकेल ना?

आटे_आणि_माप

चांगली शंका आहे, आणि मार्ग आहे. वायोमिंगमधल्या कोडी इथे बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट आहे. त्यांच्या बंदूक संग्रहालयाकडे विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. मॉडेल १८९४ साठी क्रमांक १ ते ३५३,९९९ पर्यंतच्या नोंदी तिथे मिळतात, म्हणजे अक्रोडी_दस्ता यांची रायफल त्यात आरामात बसते. शुल्क भरलं की ते पत्र देतात. कॅलिबर, नळी गोल की अष्टकोनी, टेकडाउन होती का, कारखान्यातून कधी निघाली, अशी माहिती त्यात असते. नोंदीत टेकडाउन नसेल तर कॉलर कोणाच्या हातची आहे हे कळेपर्यंत मी स्क्रूंवरही विसंबणार नाही आणि जोडावरही नाही. ते पत्र आत्ताच मागवून ठेवा, तोवर तेलही झिरपेल.

अक्रोडी_दस्ता

पत्रासाठी अर्ज केला. ठेच ऑइलस्टोनने उतरवली आणि काजळीचा डाग आता पूर्ण गोल उमटतो. स्क्रू अजून तेलात आहे, पण काल टिचकी मारल्यावर खाचेच्या कडेने तपकिरी पाणी सुटलं, म्हणजे आत काहीतरी मोकळं होतंय. गेज मागवायचे आहेत. .०६३ आणि .०७० दोन्ही घेऊ की फक्त मोठा पुरे?

आटे_आणि_माप

दोन्ही घ्या. मोठ्यावर लिव्हर बंद होत नाही एवढं कळून पुरत नाही. लहानावर ती सहज बंद होते का हेही बघायला हवं, नाहीतर योग्य कडेचं काडतूसही अडेल आणि तुम्ही जोर लावाल. जमल्यास मधला .०६७चाही घ्या, म्हणजे दोन टोकांमध्ये तुमची रायफल कुठे उभी आहे ते समजेल. गेज एक्स्ट्रॅक्टरच्या नाकाखाली नीट बसवा, लिव्हर फक्त बोटाच्या दाबाने वर आणा, आणि नळी पुढे ओढून धरून मोजा. स्क्रू सुटल्यावर, जोड घट्ट झाल्यावर, पुन्हा एकदा. दोन्ही वेळचे निकाल इथे टाका, मग काडतुसांच्या भाराबद्दल बोलू.